स्मृतिविस्ताराचा घरगुती प्रश्न

मध्यमवर्गीय मराठी घरातला संगणक मंद झाला, की सुचवल्या जाणाऱ्या उपायांत ‘रॅम वाढवा’ हा उपाय बहुधा पहिला आणि क्वचित दुसरा असतो, आणि तो सुचवणाऱ्याने तो संगणक डोळ्यांनी पाहिलेला असावा अशी कोणतीही पूर्वअट त्याला नसते. निदान फोनवर होते. संगणक कोथरूडला असतो, निदान करणारा भाचा हिंजवडीत नोकरीला असतो, आणि ‘‘मामा, किती जीबी आहे?’’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे ठरते. उत्तर चार आले तर ‘‘मग बरोबर आहे, चालणारच नाही तो’’ असे सांगण्यात येते. आठ आले तर ‘‘आठमध्ये हल्ली काय होतंय?’’ असे, आणि सोळा आले तर क्षणभर शांतता पसरून ‘‘फॉरमॅट मारून बघा’’ हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय पुढे येतो. संगणक नेमका केव्हा मंद होतो, सुरू होतानाच की तासाभराने, आणि त्या वेळी त्याच्यावर काय काय उघडलेले असते, याची चौकशी होत नाही, कारण बँकेतून निवृत्त झालेले मामा एक एक्सेलची फाइल आणि एक वर्तमानपत्र यांपलीकडे काही उघडत नसणार, हे गृहीतच धरलेले असते. प्रत्यक्षात मामांच्या ब्राउझरमध्ये सदतीस टॅब उघडे असतात, आणि त्यांतले चार शेअर बाजाराचे असून ते दर सेकंदाला स्वतःला नव्याने रंगवत असतात.

वादाचा निकाल लावण्याआधी वादविषय नीट पाहून घेणे इष्ट. रॅम म्हणजे संगणकाची कामापुरती स्मृती; प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारी मुख्य चिप, ज्या माहितीवर त्या क्षणी काम करत असतो ती माहिती ठेवण्याची जागा. आज घरोघरी असलेल्या रॅमची मूळ रचना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड या अभियंत्याची असून तिचे पेटंट त्याला १९६८ मध्ये मिळाले. या रचनेत माहितीचा प्रत्येक बिट, म्हणजे एक किंवा शून्य, एका अतिसूक्ष्म विद्युतधारकात भार साठवून लिहिला जातो आणि त्या धारकाच्या दारावर एकच ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. रचना स्वस्त आणि आटोपशीर, परंतु तिच्यात एक खोट अशी, की धारकातला भार गळतो. त्यामुळे साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधराहून अधिक वेळा, प्रत्येक कप्प्यातली माहिती वाचून पुन्हा जशीच्या तशी लिहावी लागते, आणि वीज गेली की हा उद्योग थांबून सगळेच पुसले जाते. जगातले सगळे ताळेबंद, प्रबंध आणि लग्नपत्रिका ज्या स्मृतीत तयार होतात, तिला आधी काय सांगितले होते याची आठवण सेकंदाला पंधरा वेळा करून द्यावी लागते, ही गोष्ट तंत्रज्ञानाचा फार अभिमान बाळगणाऱ्यांनी मधूनमधून मनात आणावी अशी आहे.

याउलट फोटो, चित्रपट, बारशाचे चित्रीकरण आणि ‘बायोडेटा फायनल फायनल २’ या नावाची फाइल जिच्यावर कायमची राहते ती हार्ड डिस्क, किंवा अलीकडे तिची जागा घेतलेली एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली आणि चिपांवरच माहिती साठवणारी पेटी. स्वयंपाकघराच्या हिशेबात रॅम हा ओटा आहे आणि डिस्क हा माळा: माळ्यावर कितीही डबे चढवले तरी ओट्यावर पोळ्या लाटायची जागा कमी होत नाही, आणि माळा रिकामा केल्याने ओटा हातभर लांबत नाही. तरीही संगणक अडकू लागला, की घरातली पहिली कारवाई डेस्कटॉपवरचे फोल्डर उचलून डी ड्राइव्हमध्ये नेऊन टाकण्याची असते, आणि दुसरी आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो पुसण्याची. फोनवर रोज सकाळी सूर्योदय, गुलाब आणि सुविचार यांसह येऊन पडणारी चित्रे पुसताना जो अनुभव आलेला असतो तोच इथे लागू केला जातो. डिस्क अगदी काठोकाठ भरली तर संगणक अडखळतो हे खरे. परंतु अर्धी रिकामी असलेली डिस्क आणखी थोडी रिकामी केल्याने त्याला पंख फुटत नाहीत.

याच वर्गात ‘रिफ्रेश’ हा विधी मोडतो. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर माउसचे उजवे बटण दाबून, उघडलेल्या यादीतून ‘रिफ्रेश’ निवडायचे, आणि हे लागोपाठ चार-पाच वेळा करायचे, असे त्याचे स्वरूप आहे. प्रत्येक आवर्तनाला पडद्यावरची चिन्हे क्षणभर लुकलुकतात आणि करणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. या कृतीने डेस्कटॉपवरची चिन्हे पुन्हा रेखाटली जातात, बाकी काही होत नाही, आणि रॅमचा एक बाइटही मोकळा होत नाही. पण गल्लोगल्लीच्या संगणक वर्गांतून बाहेर पडलेल्या एका संपूर्ण पिढीच्या बोटांत हा विधी इतका मुरला आहे, की संगणक सुरू झाल्यावर तो न करता थेट कामाला हात घालणे या पिढीला आचमनाशिवाय जेवायला बसण्याइतके अवघड जाते. ‘‘मी तरी दोनदा रिफ्रेश केलं’’ हे वाक्य दुरुस्तीला आलेल्या माणसासमोर नेहमी बचावाच्या सुरात उच्चारले जाते, आणि तोही माणूस गंभीरपणे मान हलवून आधी स्वतः दोनदा करून पाहतो.

किती रॅम पुरेशी, या प्रश्नाचे उत्तर काळाप्रमाणे बदलत आले आहे, आणि त्या बदलात एक चमत्कारिक शिस्त आढळते. १९६९ मध्ये अपोलो ११ मोहिमेत चंद्रावर उतरलेल्या यानातील संगणकाची, मजकूर बदलता येईल अशी स्मृती २,०४८ शब्दांची, म्हणजे सुमारे चार किलोबाइट होती. १९९५ मध्ये विंडोज ९५ आली तेव्हा तिची किमान गरज चार मेगाबाइट होती. २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा किमान गरज चार गीगाबाइट झाली. दोन्ही वेळा मधे बरोबर २६ वर्षे गेली, आकडा चारचाच राहिला, आणि बदलले ते त्याच्यापुढचे एकक, जे प्रत्येक खेपेस १,०२४ पटींनी मोठे झाले. या न्यायाने २०४७ मध्ये घरच्या संगणकाला निदान चार टेराबाइट रॅम लागेल आणि तिच्या जोरावर सोसायटीच्या सभेची तीच नोटीस टंकलिखित होईल, असे भाकीत करता येते. अर्थात तीन टिंबांवरून रेघ ओढण्याचा हा प्रकार शास्त्रापेक्षा राशिभविष्याला जवळचा आहे हे मान्य करायला हवे. शिवाय ‘किमान’ या आकड्याचा भावार्थ ‘सुरू होईल’ एवढाच असतो, ‘चालेल’ असा नसतो. ज्या १९९५ मध्ये विंडोज ९५ आली त्याच वर्षी पास्कल या संगणकभाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी एक लेख लिहून अशी तक्रार केली होती, की यंत्रे ज्या वेगाने चपळ होत आहेत त्याहून अधिक वेगाने त्यांच्यावर चालणारे प्रोग्रॅम सुस्त होत आहेत. त्या तक्रारीची दखल सर्वांनी आदरपूर्वक घेतली आणि प्रोग्रॅम आणखी जाड केले.

चंद्रावर गेलेल्या संगणकाचा विषय निघालाच आहे, तर त्याची हकीकत घरगुती वादाच्या दृष्टीने जरा विस्ताराने पाहण्यासारखी आहे, कारण ऐन उतरण्याच्या वेळी त्याचीही स्मृती भरली होती. २० जुलै १९६९ रोजी यान चंद्राच्या पृष्ठभागाकडे झेपावत असताना संगणकाच्या छोट्या पडद्यावर १२०२ हा धोक्याचा क्रमांक आला, आणि त्याचा अर्थ असा होता, की नवीन काम हाती घ्यायला स्मृतीत कप्पा उरलेला नाही. सगळ्या लक्षणांवरून रॅम कमी पडत होती. खरा प्रकार निराळाच होता: परतीच्या वेळी मुख्य यान गाठण्यासाठी असलेले रडार त्या वेळी चालू अवस्थेत होते, विजेच्या जोडणीतल्या एका विसंगतीमुळे ते संगणकाकडे निरर्थक संकेतांचा मारा करत होते, आणि ते संकेत मोजण्यात संगणकाचा काही वेळ फुकट जात होता. त्यामुळे हातातली कामे वेळेत संपेनात, ती संपायच्या आत पुढच्या फेरीची कामे येऊन दाखल होऊ लागली, प्रत्येक काम आपापला कप्पा अडवून बसले आणि कप्पे संपले. संगणकाचा प्रोग्रॅम शहाणपणाने लिहिलेला असल्यामुळे त्याने कमी महत्त्वाची कामे सोडून दिली, स्वतःला नव्याने सुरू केले आणि यान उतरवण्याचे काम तेवढे धरून ठेवले. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातील २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्स याने पुढे जाण्यास हरकत नाही असा निर्वाळा दिला आणि यान उतरले. ‘‘आणखी चार केबी टाका’’ असा सल्ला पृथ्वीवरून कोणी दिला नाही. दिला असता तरी टाकायला जाणार कोण, हा भाग वेगळा. परंतु स्मृती भरलेली दिसणे आणि स्मृती कमी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हा प्रकार अंतराळातही संभवतो, आणि तो तिथे टळला तो केवळ नेमके काय घडते आहे हे पाहणारी माणसे हजर होती म्हणून, एवढे या प्रसंगावरून दिसते.

घरचा संगणक मात्र १२०२ सारखा काही क्रमांक दाखवत नाही. रॅम भरली तरी तो बोभाटा न करता काम रेटत राहतो, आणि हा त्याचा गुण खरे तर साठ वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस या संगणकात प्रथमच अशी सोय करण्यात आली, की मुख्य स्मृतीत न मावणारा मजकूर ‘पान’ नावाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत संथ पण मोठ्या साठवणीत आपोआप पाठवला जावा, आणि लागेल तेव्हा परत आणला जावा. प्रोग्रॅमला वाटते आपल्याजवळ भरपूर स्मृती आहे. या सोयीला आभासी स्मृती म्हणतात. जोवर अधूनमधून एखादे पान आत-बाहेर होते तोवर कुणाला काही कळतही नाही. परंतु चालू असलेल्या प्रोग्रॅमांना एकाच वेळी लागणारी पाने रॅमच्या क्षमतेबाहेर गेली, की एक पान आणायला दुसरे बाहेर काढावे लागते, ते बाहेर जाते न जाते तोच त्याचीच गरज पडते, आणि संगणक काम सोडून नुसती ने-आण करत बसतो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेची चिकित्सा केली, आणि संगणकशास्त्रात तिला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. ही खरी टंचाई. तिच्यात वेळ कसा जातो हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे: रॅममधून माहिती उचलायला एक सेकंद लागतो असे मानले, तर त्याच प्रमाणात एसएसडीवरून ती आणायला साधारण सतरा मिनिटे लागतील, आणि फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून आणायला पावणेअठ्ठावीस तास. ज्या घरात जुनी हार्ड डिस्क आहे तिथे थ्रॅशिंग ऐकूही येते. कॅबिनेटवरचा तांबडा दिवा लुकलुकायचे थांबून अखंड पेटलेला राहतो, आतून कुरकुर सुरू होते, माउसचा बाण पडद्याच्या मध्यावर थिजतो, आणि मामांनी त्या अवधीत सात वेळा दाबलेले क्लिक दीड मिनिटाने एकदमच फळाला येऊन सात खिडक्या उघडतात.

वर सांगितलेली ने-आण चालू आहे की नाही, एवढेच खरे तर पाहायचे असते, आणि ते पाहण्याची सोय विंडोजमध्ये फुकट आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ‘परफॉर्मन्स’ या भागात ‘मेमरी’ निवडली की एक जांभळट आलेख दिसतो, आणि त्याच्याजवळ ७८ टक्के असा काहीतरी आकडा असतो. गफलत होते ती नेमकी इथे. ७८ टक्के हा आकडा मराठी मनाला परीक्षेत आनंद देतो आणि रॅममध्ये धडकी भरवतो. ‘‘अरे, अठ्ठ्याहत्तर टक्के भरली!’’ अशी आरोळी ऐकून आतल्या खोलीतले माणूस बाहेर येते. वास्तविक रॅम रिकामी राहिल्याने वीज वाचत नाही की तिचे आयुष्य वाढत नाही. पैसे देऊन घेतलेली रॅम रिकामी ठेवण्यात कोणताच शहाणपणा नसल्याने हल्लीच्या सर्व संगणकप्रणाली, पुन्हा लागेल अशी शक्यता असलेला मजकूर मोकळ्या रॅममध्ये आधीच आणून ठेवतात. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने हे काम फार उत्साहाने सुरू केले तेव्हा मोकळ्या रॅमचा आकडा शून्याजवळ गेलेला पाहून जगभरच्या लोकांनी डोक्याला हात लावला. आलेखाखाली ‘कॅश्ड’ या नावाने दाखवलेला भाग तो हाच, आणि कोणा प्रोग्रॅमला गरज पडताच तो तत्काळ मोकळा होतो. पाहण्याजोगा आकडा ‘अव्हेलेबल’ हा, म्हणजे मागताक्षणी देता येईल अशी रॅम किती, आणि दुसरा ‘कमिटेड’ हा, म्हणजे संगणकाने सगळ्या प्रोग्रॅमांना मिळून किती स्मृतीचे वचन दिलेले आहे. संगणक जवळ असलेल्या रॅमपेक्षा अधिक वचने देतो, कारण रॅममध्ये न मावणारा मजकूर डिस्कवर पाठवण्याची सोय त्याच्यापाशी असते. परंतु वचनांची बेरीज रोजच रॅमच्या कितीतरी पुढे जाऊ लागली आणि ‘अव्हेलेबल’चा आकडा काही शे मेगाबाइटवर आला, तर संशयाला जागा आहे. संशय पक्का करायचा तर ‘रिसोर्स मॉनिटर’ या शेजारच्या साधनात ‘हार्ड फॉल्ट्स’ नावाचा आलेख असतो. रॅममध्ये न सापडल्यामुळे डिस्कवरून आणाव्या लागलेल्या पानांची ती दर सेकंदाची मोजदाद. नवा प्रोग्रॅम उघडताना तो उसळणे स्वाभाविक आहे, मात्र काम ऐन रंगात असताना तो शेकड्यांत जाऊन तिथेच ठाण मांडून बसला तर रॅम खरोखरच कमी आहे. ॲपलच्या संगणकात तर इतकेही करावे लागत नाही. तिथे ‘मेमरी प्रेशर’ नावाचा आलेख हिरवा, पिवळा किंवा लाल होतो, आणि रंग ओळखता येणाऱ्या कोणालाही निर्णय घेता येतो.

हे निरीक्षण संगणक अडकलेला असताना करायचे असते, ही बाब उघड वाटली तरी व्यवहारात तीच राहून जाते. बँकेची शिस्त अंगी असलेले गृहस्थ यासाठी वही घालतात, तीत तारीख, वेळ आणि टक्केवारी असे स्तंभ आखतात, आणि रोज सकाळी नऊ वाजता, स्नान आटोपून, एकही प्रोग्रॅम उघडण्याच्या आत टास्क मॅनेजरचा आकडा त्यात टिपतात. महिनाभर आकडा ४१ ते ४४ यांच्या दरम्यान राहतो. यावरून त्यांचा निष्कर्ष असा निघतो, की संगणकात काही दोष नसून तो दुपारी दुसरे कोणीतरी वापरते. आणि हा निष्कर्ष अगदीच चुकीचा नसतो, कारण दुपारी तो नातू वापरतो. सदतीस टॅब, पार्श्वभूमीत चालणारी व्हॉट्सॲपची खिडकी, तीन महिन्यांपूर्वी एका सभेसाठी उतरवलेले आणि तेव्हापासून संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे व्हिडिओ कॉलचे सॉफ्टवेअर, आणि दोन अँटिव्हायरस, ज्यांतला प्रत्येक दुसऱ्यावर पाळत ठेवून असतो, ही सगळी मंडळी जागी असताना टिपलेला आकडाच उपयोगाचा. क्रोम ब्राउझर २००८ मध्ये आला तो मुळी टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवण्याची पद्धत घेऊन. एक कोसळला तर इतर जिवंत राहावेत हा तिचा हेतू आणि प्रत्येकाचा स्मृतीचा खर्च वेगळा ही तिची किंमत. तेव्हा ‘नंतर वाचू’ म्हणून उघडे ठेवलेले लेख बंद करणे हा स्मृतिविस्ताराचा एक बिनखर्ची मार्ग आहे, पण लेख वाचलेला नसताना टॅब बंद करणे हा मराठी वाचकाला आपल्या व्यासंगाचा अपमान वाटतो.

संगणक सुरू व्हायलाच चार मिनिटे घेत असेल, ब्राउझर एकदा उघडला की मग बरा चालत असेल, आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅम निम्मी मोकळी असून ‘डिस्क’समोर मात्र १०० टक्के दिसत असेल, तर दोष बहुतेक वेळा जुन्या चकतीचा असतो, आणि तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच संगणक तेवढ्याच रॅमवर धावू लागतो. अशा ठिकाणी रॅम वाढवणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. या म्हणीचा प्रत्यय इतक्या घरांत येतो, की रॅम घातल्यावरही फरक न पडलेल्या संगणकाबद्दल ‘‘थोडा तरी फास्ट झालाय’’ असे म्हणण्याची एक रीतच पडली आहे. खर्च केलेल्या माणसासमोर याहून वेगळे बोलणे शिष्टाचाराला धरून होत नाही. या मानवी गरजेवर एका कंपनीने एकेकाळी थेट धंदाच केला. सॉफ्टरॅम ९५ नावाचे एक सॉफ्टवेअर १९९५ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. रॅमची नवी पट्टी विकत न घेताच रॅम दुप्पट होते असा त्याचा दावा होता, त्याच्या लाखो प्रती खपल्या, आणि तपासाअंती असे आढळले, की विंडोज ९५ वर ते रॅममध्ये काडीचीही भर घालत नव्हते. सरकारी व्यापार आयोगाने कंपनीला चाप लावेपर्यंत अनेकांना आपला संगणक वेगवान झाल्याचे जाणवत राहिले. आज तोच धर्म फोनमधली ‘रॅम क्लीनर’ नावाची ॲप चालवतात, जी चालू प्रोग्रॅम बंद पाडून आकडा खाली आणतात आणि तेच प्रोग्रॅम लगेच पुन्हा सुरू होऊन तो वर नेतात. आणि ‘आठ अधिक आठ जीबी’ अशा जाहिरातीने विकल्या जाणाऱ्या फोनमधली दुसरी आठ ही मँचेस्टरची जुनी आभासी स्मृतीच असते, एवढे जाहिरातीत लिहायचे राहून जाते.

इतके सगळे पाहूनही रॅम हवीच असे ठरले, तर प्रकरण बाजारात जाते. मुंबईत बाजार म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे आणि तिथल्या दुकानदारांनाही ते बिलावर छापलेले असल्यामुळे माहीत असते. ‘‘आठची द्या’’ असे म्हणताच ‘‘सर, सोळाच टाका, पुढची पाच वर्षं बघायला नको’’ हे उत्तर मिळते, ‘‘बिल पाहिजे की बिलाशिवाय?’’ या प्रश्नात अठरा टक्के जीएसटीचा तात्त्विक मुद्दा उपस्थित होतो, आणि ‘लाइफटाइम वॉरंटी’ या शब्दांत लाइफ नेमके कोणाचे, पट्टीचे, दुकानाचे की गिऱ्हाइकाचे, हे विचारायचे राहून जाते. भावाबद्दल पूर्वानुमान कोणी करू नये. १९९३ च्या जुलैमध्ये जपानातील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला, त्या कारखान्यात चिपा मढवण्यासाठी लागणारी राळ बनत असे, आणि तेवढ्यावरून जगभर रॅम महागली; २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या संगणकगृहांनी चिपा उचलायला सुरुवात केली आणि घरगुती पट्ट्यांचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. ‘‘परवा आला असतात तर’’ हे दुकानदाराचे वाक्य त्यामुळे दर वेळी खोटेच असते असे नाही.

भावाहून मोठा प्रश्न पट्टी बसेल की नाही हा असतो. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तीन पिढ्यांच्या पट्ट्यांना खालच्या कडेवर एकेक खाच असते, प्रत्येक पिढीत ती थोडी सरकवलेली असते, आणि चुकीची पट्टी चुकीच्या जागी बसू नये एवढ्यासाठीच तसे केलेले असते. जोर लावणाऱ्यांची सोय त्यात धरलेली नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड, टेबलावरच्या संगणकाची लांब. अनेक पातळ लॅपटॉपांत आणि ॲपलच्या अलीकडच्या सर्वच मॅकबुकांत रॅम कायमची बसवून दिलेली असल्याने तिथे हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच सुटलेला किंवा कायमचा बिघडलेला असतो. आणि एखाद्या जुन्या असेंबल्ड संगणकावर ३२ बिटांची विंडोज असेल, तर ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पेक्षा अधिक पत्ते लिहिताच येत नाहीत, म्हणजे चार जीबीपुढची रॅम घराबाहेर उभी राहते; ‘‘आठ टाकली आणि तीन पॉइंट दोनच दाखवतोय’’ या तक्रारीत दुकानदाराने फसवल्याचा जो आरोप असतो त्यातून दुकानदाराची निर्दोष मुक्तता व्हायला हरकत नाही.

पट्टी बसवण्याचा कार्यक्रम रविवारी होतो. कॅबिनेटचे झाकण निघते, आत साचलेल्या धुळीकडे पाहून घरातल्या प्रत्येकाला बोलण्यासारखे काहीतरी सुचते, आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून जुनी पट्टी बाहेर काढली जाते. मग हिंजवडीचा भाचा, जो या वेळी प्रत्यक्ष हजर असतो, धाकट्या भावंडाच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर मागतो आणि पट्टीच्या खालची सोनेरी पट्टिकांची कड हलक्या हाताने, एकाच दिशेने, घासून काढतो. हा उपाय हास्यास्पद दिसत असला तरी या सगळ्या प्रकरणातला कदाचित सर्वांत शास्त्रीय उपाय आहे, कारण दमट हवेत त्या कडेवर बारीक थर धरतो, संपर्क नीट होत नाही, आणि सुरूच न होणारे कितीतरी संगणक केवळ या घासण्याने सुरू झालेले आहेत. पुष्कळदा जुनी पट्टी घासून परत बसवली, धूळ झटकली, आणि कॅबिनेट बंद करण्याआधी सहज म्हणून सुरू केले, तर संगणक नीट चालतो. परंतु नवी पट्टी आणलेली असते, पावती फाटलेली असते, आणि मामी चहा घेऊन आलेल्या असतात, त्यामुळे ती बसवली जातेच.

काढलेली चार जीबीची पट्टी नव्या पट्टीच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात घालून शोकेसच्या खालच्या खणात, दोन बंद पडलेल्या माउसांशेजारी ठेवली जाते. साताऱ्याच्या मावसभावाचा फोन चार-पाच महिन्यांनी येतो, त्याचा संगणक फार हँग होत असल्याचे तो सांगतो, आणि मामा, भाच्याला न विचारता, स्वतःच्या अधिकारात म्हणतात, ‘‘रॅम कमी असणार. माझ्याकडे एक पडलीय, देतो पाठवून.’’ पट्टी कुरियरने जाते. मावसभावाचा संगणक डीडीआर४ चा निघतो, पट्टी डीडीआर३ ची, आणि ‘‘जरा जोर लावून बघ’’ एवढेच फोनवर सांगायचे उरलेले असते.